तारकर्ली ते देवबाग, पंचेचाळीस किलोमीटर

विजयदुर्गपासून रेडीपर्यंत मासे उतरवायच्या जागांची यादी एक्सेलमध्ये आली होती. गाव, जेटी, अक्षांश, रेखांश. संगणकावरच्या नकाशात भरतीरेषेच्या लेयरवर (थरावर) हे बिंदू टाकायचे आणि ना-विकास क्षेत्रात, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्यात, कुठले पडतात ते काढायचं, एवढंच काम. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर हा पट्टा दाट वस्तीत ५० मीटरचा आणि विरळ वस्तीत २०० मीटरचा आहे, म्हणजे शंभर मीटर इकडचे तिकडे झाले तरी कुणाच्या तरी शेडचा प्रश्न येतो. दुसऱ्या दिवशी ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयात, बैठक होती.

आमच्या कुडाळच्या ऑफिसातल्या पोराने बिंदू टाकले, तर सगळे समुद्रात.

"ताई, डेटम चुकलाय," तो म्हणाला. डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कुठल्या मापावर मोजले त्याचा आधार. काही बिघडलं की आमच्या धंद्यात पहिलं खापर त्याच्यावर फुटतं. पण एव्हरेस्ट हा भारतातला जुना डेटम आणि डब्ल्यूजीएस ८४ हा जीपीएसचा, या दोहोंतला फरक आपल्या किनाऱ्यावर साधारण शंभर-दीडशे मीटरचा, आणि इथे मालवणची जेटी वीस किलोमीटर पश्चिमेला गेलेली. अक्षांश-रेखांशाची अदलाबदलही नव्हती, नाहीतर मालवण थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या अलीकडे बर्फाळ पाण्यात निघालं असतं. यूटीएमचे, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजलेले, आकडे असते तर इस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) सव्वातीन-साडेतीन लाखांच्या घरात दिसलं असतं. इथे तर सरळ ७३ आणि १६. कोकणच.

पोराने तोवर सगळे बिंदू उचलून वीस किलोमीटर पूर्वेला सरकवले. मालवण बसलं. वेंगुर्लं मात्र गोव्यासमोरच्या समुद्रातच राहिलं. म्हणजे सरसकट सरकवून भागणार नव्हतं, प्रत्येक गाव वेगळ्या अंतराने पळालं होतं, पण सगळी नैर्ऋत्येकडेच.

मी नकाशा बंद केला आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयरची माहिती उघडली. विस्ताराच्या चार आकड्यांकडे, म्हणजे बिंदू चारही दिशांना कुठवर पोचतात त्याकडे, बहुतेक जण ढुंकूनही बघत नाहीत, मला मात्र नकाशापेक्षा त्यांच्यावर जास्त भरवसा आहे. दक्षिण टोक १५.४५, उत्तर टोक १६.३३. विजयदुर्ग १६.५ च्याही वर आहे, म्हणजे उत्तरेची कड खाली आली होती. रेडी १५.७५ च्या आसपास, म्हणजे दक्षिणेचीही कड खाली. रेखांशाची रुंदी तर पार आक्रसलेली. मग अक्षांशाचा स्तंभ चढत्या क्रमाने लावला. १५.५७, १५.५९ आणि लगेच १६.०१. मधे काही नाही.

१५.५९ म्हणजे देवबाग आणि १६.०१ तारकर्ली. कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या एकाच वाळूच्या पट्टीवरची ही शेजारची गावं, आणि आमच्या नकाशात त्यांच्यात पंचेचाळीस किलोमीटरहून जास्त पाणी! मागे उभा असलेला आमचा मालवणचा ड्रायव्हर म्हणाला, "तारकर्लीसून देवबागाक जावक आता अर्धो दिवस जातलो."

दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन अंक कुठेच ५९ च्या पुढे जात नव्हते. ती मिनिटं होती, आणि त्यापुढचे अंक सेकंद. कुणीतरी १५ अंश ५९ मिनिटं हे १५.५९ असं टाइप केलं होतं, आणि सॉफ्टवेअरने ते दशांश अंश समजून घेतले. मालवणचे ७३ अंश २८ मिनिटं म्हणजे खरे ७३.४६७. मिनिटांना साठाने भागायचं, सेकंदांना ३६०० ने, आणि बेरीज करायची. मिनिटं जितकी जास्त तितकी चूक मोठी, म्हणून वेंगुर्लं मालवणपेक्षा कितीतरी लांब फेकलं गेलेलं.

सूत्र लावल्यावर बिंदू झपाझप किनाऱ्याला आले. पण एक्सेलची खोड वेगळीच. शेवटचा शून्य तो गिळतो. ७३.२७४ म्हणजे २७ मिनिटं ४० सेकंद, की ०४ ऐवजी नुसता ४ टाइप केलेले ४ सेकंद? दोहोंत किलोमीटरभराहून जास्त फरक. बहुतेक ठिकाणी उपग्रह चित्रावर एक पर्याय पाण्यात पडायचा, तिथे प्रश्न सुटला. एका जेटीचे दोन्ही पर्याय खाडीकाठी पडले. गावातल्या ओळखीच्या रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या) काकांना फोन केला, जेटी खाडीच्या तोंडावर की आत? "आत, पुलाच्या खालच्या अंगाक," ते म्हणाले, आणि बर्फाचं मशीन कधी मिळतलां तेही विचारून घेतलं. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

एवढं झाल्यावर डेटमची पाळी खरोखरच आली. खाडीच्या रेषा जुन्या टोपोशीटवरून (स्थलदर्शक नकाशावरून), ४७ एच/८ क्रमांकाच्या शीटवरून काढलेल्या, आणि त्या शीट एव्हरेस्टवर असतात. लेयरला मात्र डब्ल्यूजीएस ८४ चं लेबल चिकटवलेलं. लेबल बदलल्याने आकडे बदलत नाहीत, ते रूपांतर करूनच बदलतात. मूळ प्रणाली नीट नेमून रूपांतर केल्यावर खाडी शे-दीडशे मीटर सरकून उपग्रह चित्रातल्या काठावर बसली. तशीच वापरली असती तर ५० मीटरचा पट्टा अख्खाच्या अख्खा भलत्या जागी आखला गेला असता.

बैठकीला दुरुस्त नकाशा नेला. यादी परत पाठवताना अंश, मिनिटं, सेकंद यांचे स्तंभ वेगळे केले, डेटमचा एक वाढवला, आणि फोनवर खात्री केलेल्या जेटीसमोर 'जागेवर पुन्हा मोजावी' असा शेरा मारला.