तुम्ही विचारलंत म्हणून: तुम्ही गात नाही, वाजवत नाही, मग गाण्यात करता काय?

मी म्युझिक प्रोड्युसर, देवगडला माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे आणि हा प्रश्न मला सगळेच विचारतात, रेकॉर्डिंगला आलेले भजनी बुवा विचारतात, मे महिन्यात गावी आलेले चाकरमानी विचारतात, शेजारच्या काकी तर सरळच विचारतात, "तू गाणस नाय, वाजवणस नाय, मगे पैशे कसले घेतंस?" चांगला प्रश्न आहे, म्हणून आज नीट बसून लिहितो.

गाणं शेवटी लोकांच्या कानाला कसं लागणार हे ठरवायचं आणि ते चुकलं तर आपल्या अंगावर घ्यायचं, हे प्रोड्युसरचं काम. कुठला टेक, म्हणजे एकदा गाऊन घेतलेलं रेकॉर्डिंग, ठेवायचा, लय कितीवर धरायची, कुठलं वाद्य काढून टाकायचं, गायकाला कधी थांबवायचं आणि कधी अजिबात मध्ये बोलायचं नाही. पण मला विचाराल तर या सगळ्याच्या आधी एक काम असतं, ते म्हणजे गाणाऱ्याच्या मनातली भीती काढणं. माईक समोर आला की भलेभले आवळून जातात हो. रात्रभर डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, गाजवणारा बुवा, समोर हजार माणूस असलं तरी ज्याचा आवाज हलत नाही, तो बंद खोलीत हेडफोन लावला की शाळेत कविता म्हणून दाखवल्यासारखा गायला लागतो.

यासाठी मी नेहमी बिद्दूचं उदाहरण देतो. बेंगळुरूचा मुलगा, तिथे बँडमध्ये वाजवायचा-गायचा, साठच्या दशकात मिळेल त्या वाटेने इंग्लंडला पोचला, तिकडे पडेल ती कामं करत करत रेकॉर्ड बनवायला लागला. १९७४ साली कार्ल डग्लस नावाच्या गायकाबरोबर त्याचं सेशन होतं. मेन गाणं दुसरंच होतं, सगळा वेळ त्याच्यावरच गेला, आणि मग रेकॉर्डच्या मागच्या बाजूला काहीतरी हवं म्हणून शेवटच्या काही मिनिटांत कार्लने स्वतःच लिहिलेलं 'कुंग फू फायटिंग' उरकून घेतलं. मागची बाजू कोण ऐकणार, म्हणून कोणी हात राखून काही केलं नाही, ते हू हा सगळं बिनधास्त टाकलं. रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाला हेच पुढे घ्या. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या नंबरला गेलं ते गाणं! मला यात नशीब दिसत नाही, मला दिसतं की त्या खोलीत त्या क्षणी कोणालाच कसली भीती नव्हती, आणि ते रेकॉर्डमध्ये आजही ऐकू येतं.

पुढे १९८० च्या 'कुर्बानी'साठी त्याच बिद्दूने नाझिया हसनकडून 'आप जैसा कोई' गाऊन घेतलं. पोरगी जेमतेम पंधराची, तेव्हाच्या आपल्या प्लेबॅकच्या हिशोबाने आवाज कोवळा, पातळ. त्याने तिला 'मोठ्या आवाजात गा, अमक्यासारखं गा' असं केलं नाही. तोच आवाज एकावर एक चढवला, त्यामुळे तो भरीव वाटतो पण कोवळेपणा जात नाही, हेडफोन लावून ऐका, कळेल. याला मी प्रोड्युसर म्हणतो. त्या गाण्याला फिल्मफेअर मिळालं, आणि पुढे १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' पण याच माणसाने केलं, म्हणजे आपल्याकडे पॉप म्हणून जे काही उभं राहिलं त्यात त्याचा हात फार मोठा आहे आणि रस्त्यात दिसला तर आपल्यातला एकही ओळखणार नाही.

आता आमच्याकडचं सांगतो. बुवा आले की मी आधी म्हणतो, बुवा, जरा आवाजाची लेव्हल बघूया, एक गजर असाच म्हणा. तेव्हा रेकॉर्डिंग चालूच असतं. कित्येकदा तोच टेक शेवटपर्यंत राहतो आणि नंतर मी त्यांना तसं सांगतो, त्यांनाही ते आवडतं. भजनात दुसरी अडचण चकीची, म्हणजे झांजेसारख्या वाद्याची. पखवाज, पेटी आणि चकी एकाच खोलीत वाजली की चकी बुवांच्या माईकमध्ये शिरते आणि मग आवाज वर काढला की चकी पण वर येते, म्हणून चकीवाल्याला मी बाहेर पडवीत बसवतो, दारातून बुवा दिसतील असा, कारण बुवांच्या मानेकडे बघितल्याशिवाय त्याला वाजवता येत नाही. हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. गणपतीसाठीची गाणी म्हणजे सगळं काम ऐन आषाढात, बाहेर धो धो पाऊस, हवा दमट, पखवाजाची पानं, म्हणजे कातडी, सैल पडतात, दर गाण्याआधी परत चढवायचा, त्यात लाईट जाते. सर थांबली की पटकन टेक घ्यायचा. माईक सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो, नाहीतर खारी हवा त्याला खाते.

पैशाचं पण विचारता म्हणून सांगतो. इंग्लंडच्या बीटल्स बँडचे प्रोड्युसर जॉर्ज मार्टिन, १९६३ मध्ये त्यांनी केलेल्या रेकॉर्ड्स ३७ आठवडे इंग्लंडच्या चार्टवर पहिल्या नंबरला होत्या, आणि माणूस कंपनीत साध्या पगारावर, बोनस नाही की रॉयल्टी नाही. १९६५ ला नोकरी सोडली आणि स्वतःची एअर नावाची कंपनी काढली. काम मात्र काय केलंय! 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' गाण्याच्या वेळी बीटल्सचा गायक जॉन लेनन म्हणाला मला एका टेकची सुरुवात हवी आणि दुसऱ्याचा शेवट, दोन्हीची पट्टी वेगळी, लय वेगळी. मार्टिननी एका टेपचा स्पीड वाढवला, दुसरीचा कमी केला आणि जोडून दिलं. गायकाने अशक्य मागावं आणि आपण नाही म्हणायच्या आधी एकदा करून बघावं, हे मी त्यांच्याकडून घेतलंय.

मार्टिननी १९७९ मध्ये कॅरिबियनमधल्या माँटसेरात बेटावर स्टुडिओ बांधला होता, 'द पोलीस', 'डायर स्ट्रेट्स' असे बँड तिथे समुद्राकाठी राहून रेकॉर्ड करायचे, १९८९ च्या ह्युगो वादळात तो उद्ध्वस्त झाला. मे २०२१ ला आमच्याकडे तौक्ते वादळ आलं, लाईट नाही, छपरावर माड पडेल की काय असा वारा, तेव्हा मला ते बेट फार आठवत होतं. आमचा स्टुडिओ वाचला. कोणी म्हणतं मुंबईला का नाही जात, तर ज्यांचा आवाज मला हवाय ती माणसं इथे आहेत, नमन, शक्ती-तुरा, दशावतार अशा कोकणातल्या लोककलांची, ती मुंबईच्या स्टुडिओत गेली की तासाच्या भाड्याकडे बघून गातात.

आणि जी मुलं मेसेज करतात, दादा कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, त्यांना माझं एवढंच म्हणणं, कुठलंही घ्या, फुकटचं चालेल. आधी गावातल्या मंडळाच्या तालमीला जाऊन बसा, मोबाईल खिशात ठेवा, बुवा कुठल्या ओळीला डोळे मिटतात ते बघा आणि घरी येऊन वहीत लिहा. त्या ओळी सापडायला लागल्या की मला फोन करा, आपण एकत्र एक गाणं करू.