हॉटेलच्या डेस्कवरचे हील्स आणि एचआरचा कागद: माझा अनुभव

हील्स घालून नोकरी करणाऱ्या सगळ्या जणींसाठी लिहितेय, म्हणून महत्त्वाचं आधी सांगते. पाय दुखायला लागले आणि कंपनीकडून बुटांची सवलत हवी असेल, तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर आकडे लिहून घ्या. टाच जास्तीत जास्त किती इंच, पुढचा भाग कसा, सवलत किती महिने. माझं सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

मी पुण्यातल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. आमच्या ग्रूमिंगच्या नियमात मुलींना काळे, पुढून बंद, दोन ते अडीच इंची हील्स सक्तीचे होते. शिफ्ट नऊ तासांची, त्यातला बहुतेक वेळ डेस्कमागे उभं. मला हील्स आवडतात, आजही आवडतात, साडीवर तर हवेतच. हील्स फेकून द्या असं मी सांगणार नाही.

शिफ्ट संपत आली की तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मध्ये आग व्हायची. बुटात खडा गेलाय असं वाटायचं, आणि बूट झटकला तर आत काहीच नसायचं. अंगठ्याच्या मुळाशी हाडही बाहेर यायला लागलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी चवडा दोन्ही बाजूंनी दाबला आणि मी ओरडलेच. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर वगैरे काही नव्हतं. टाच जितकी उंच, तितकं अंगाचं वजन चवड्यावर येतं, असं त्यांनी समजावलं. पाऊल उतारावरून पुढे घसरतं, निमुळत्या टोकात बोटं चेपतात आणि बोटांमधली नस दाबली जाऊन जाड होते. गोळ्या मोजक्याच दिल्या, पोटरीचे व्यायाम दाखवले आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘आरामदायी पादत्राणे वापरावीत.’

ती चिठ्ठी घेऊन मी एचआरकडे गेले आणि तिथून पुढे पावसाळा संपून लग्नसराई तोंडावर आली.

मॅडमनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, “आरामदायी म्हणजे नक्की काय? आपल्या बुटांना आतून कुशन आहेच की.” मग चिठ्ठी चालणार नाही, लेटरहेडवर नोंदणी क्रमांकासह सर्टिफिकेट आणा. ते आणलं. मग खासगी डॉक्टरांचं नको, सरकारी रुग्णालयाचं हवं. तेही मान्य केलं. साप्ताहिक सुट्टी आणि हाडांच्या ओपीडीचा वार जुळेना, म्हणून सहकारी मुलीशी शिफ्ट बदलली आणि सकाळी केसपेपरच्या रांगेत उभी राहिले. आत डॉक्टरांनी नीट तपासलं. सर्टिफिकेटच्या खिडकीवर मात्र प्रश्न आला, “रजेसाठी हवंय की फिटनेसचं?” मी म्हटलं, रजा नकोय, कामावर जायचंय, फक्त वेगळ्या बुटात. छापील नमुन्यात असा रकानाच नव्हता. रजा नको म्हटल्यावर त्यांनी ‘कामावर हजर होण्यास सक्षम’ असं लिहून शिक्का मारला. तो कागद एचआरच्या टेबलावर ठेवला, तर मॅडम म्हणाल्या, “यात तर तुम्ही फिट आहात असं लिहिलंय.”

त्या दिवशी मी स्टाफच्या लॉकररूममध्ये बसून रडले. पाय दुखतोय हे दोन डॉक्टरांनी मान्य केलं होतं, आणि तरी माझ्या हातात जो कागद होता तो माझ्याच विरुद्ध वापरला जात होता.

त्यानंतर पोर्टलवर विनंती टाकायला सांगितलं. तिथे युनिफॉर्मच्या खाली तीनच पर्याय: फाटला, हरवला, साइज बदल. मॅडमच्या सांगण्यावरून ‘साइज बदल’ निवडला. स्टोअरमधून तेच बूट, तीच टाच, एक नंबर मोठा. त्याने त्रास वाढला, कारण लांबी वाढली की पाऊल आत आणखी पुढे घसरतं, आणि मला हवी होती ती रुंदी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या पावलांची मापं घेतली, तेव्हा आपली पावलं युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. आपण मात्र अजून ब्रिटिश नंबरांचे बूट घालतो. बोटं चेपत असतील तर नंबर वाढवू नका, पुढून रुंद आणि गोल असलेला बूट शोधा.

बूट आपला आहे की नाही हे कळायला सोपा उपाय आहे. कागदावर उभं राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवा आणि त्यावर बूट ठेवा. रेघ बुटाबाहेर दिसली तर तो तुमच्यासाठी नाही, दुकानदार ‘घालून घालून सैल होईल’ म्हणाला तरी.

गाडं पुढे सरकलं ते पहिल्या डॉक्टरांकडे परत गेल्यावर. या वेळी हॉटेलचे बूट पिशवीत घालून नेले. त्यांनी पट्टी लावून टाच मोजली आणि मी विनंती केल्याप्रमाणे सविस्तर लिहून दिलं: टाच कमाल दीड इंच, टाचेचा पाया रुंद, पुढचा भाग रुंद व गोल, पावलावर पट्टा, कालावधी सहा महिने, नंतर फेरतपासणी. अर्जाला मी बाहेरची दोन उदाहरणं जोडली. फिलिपीन्सच्या कामगार खात्याने २०१७ मध्ये हील्सची सक्ती बंद केली आणि कामावरच्या बुटाची टाच रुंद पायाची व एक इंचापर्यंत असावी असं ठरवलं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियानेही त्याच वर्षी अशी सक्ती थांबवली. अर्ज आधी आमच्या फ्रंट ऑफिस मॅनेजरकडे नेला, त्यांनी लगेच सही केली. मग एचआर, आणि प्रत जनरल मॅनेजरना. आता ‘आरामदायी म्हणजे काय’ असं विचारायला जागाच उरली नव्हती. एकच शंका निघाली, बाकीच्या मुलींनीही मागितलं तर? मी म्हटलं, मग त्यांनाही द्या. आठवड्याभरात मंजुरी आली. पुढे ग्रूमिंगचा तक्ताच बदलला: काळे, बंद, सपाट किंवा अडीच इंचांपर्यंत. आमच्या डेस्कवरच्या नव्या मुलींना आज निवड आहे, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे.

नवे बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभरात पाय सुजतो, सकाळी बसलेला बूट रात्री चावतो. दोन्ही पावलं मोजा, मोठ्या पावलाच्या मापाचा बूट घ्या. पुढे बोटभर जागा हवी. टाच पेन्सिलसारखी नको, ठोकळ्यासारखी हवी, आणि ती पायाच्या टाचेच्या बरोबर खाली यायला हवी. पट्टा असेल तर पाऊल पुढे घसरत नाही. समारंभात उंचच हवे असतील तर पुढे जाड तळ असलेले घ्या. तीन इंची टाच आणि पुढे एक इंची तळ म्हणजे पायाला चढ दोनच इंचांचा.

सिलिकॉनची गादी बऱ्याच जणी थेट दुखऱ्या जागेखाली लावतात. फिजिओथेरपिस्टने मला ती चवड्याच्या हाडांच्या थोडी मागे बसवून दिली, त्याने हाडं उचलली जातात आणि नसेवरचा दाब कमी होतो. फरक पहिल्याच शिफ्टला जाणवला.

रोज हील्स घालणाऱ्यांनी एकदम सपाट चपलेवर येऊ नका. पोटरी आणि टाचेमागची शीर आखडलेली असते, ती ताणली जाऊन टाच दुखते. अडीचवरून दीड, मग एक, असं उतरा. सोबत भिंतीला हात टेकून, मागचा पाय सरळ आणि त्याची टाच जमिनीला लावून अर्धा मिनिट ताण द्यायचा, दोन्ही पायांना, दिवसातून दोन-तीनदा. मी हे ब्रेकमध्ये करते. हॉटेलपर्यंत येताना-जाताना स्पोर्ट्स शूज, हील्स लॉकरमध्ये.

कुरूप झालं तर ब्लेड लावू नका. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांनी कुरुपाच्या पट्ट्याही स्वतःहून लावू नयेत, आणि टोचणाऱ्या, उंच बुटांच्या वाटेला जाऊच नये. पायाची संवेदना कमी झाली की फोड आलेला कळत नाही. टाचेखालचं रबर झिजून खिळा दिसायच्या आत मोच्याकडून बदलून घ्या, गुळगुळीत ग्रॅनाइटवर घसरायला क्षणही लागत नाही.

आता माझा पुढचा अर्ज डेस्कमागच्या उंच स्टुलासाठी आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांत काम करणाऱ्यांना बसायची सोय देणं कायद्यानेच बंधनकारक केलंय, ते मी त्यात लिहिलंय. या अर्जाच्या झेरॉक्सवर ‘मिळाला’ असा शिक्का, सही आणि तारीख पहिल्याच दिवशी घेतली. तुम्हीही घ्या. माझी पहिली चिठ्ठी एचआरच्या फायलीत आजही सापडत नाही.