फिजीचं क्रिकेट

आज सुट्टी, बाहेर धो धो पाऊस. भाच्याने जेवताना विचारलं, "मामा, फिजीची क्रिकेट टीम आहे का रे?" झालं, दुपारची झोप गेली.

आहे म्हणजे काय, १९५६ साली राजधानी सुवाच्या अल्बर्ट पार्कवर फिजीने वेस्ट इंडिजला हरवलंय! फिजी सर्वबाद ९१, वेस्ट इंडिज सर्वबाद ६३. त्याआधी १९४८ मध्ये हे गडी न्यूझीलंड दौऱ्यावर गेले, तेही पँटऐवजी कमरेला गुंडाळायचा 'सुलू' घालून. बरेच जण अनवाणीच. कप्तान होते फिलिप स्नो, ब्रिटिश अधिकारी. त्या सामन्यांना प्रथम श्रेणीचा दर्जा मिळाला कित्येक वर्षांनी. देर आये.

आणि त्यांचा तडाखेबंद फलंदाज आय. एल. बुला! पूर्ण आडनाव तालेबुलामाइनेइइलिकेनामाइनावालेनिवेइवाकाबुलाइमाइनाकुलालाकेबालाऊ. भाच्याने तीनदा वाचायचा प्रयत्न केला, चौथ्यांदा मोबाईल माझ्या हातात दिला. स्कोअरकार्ड लिहिणाऱ्याने 'बुला'वर भागवलं यात त्याची काय चूक?

चुटपुट लागते ती वेगळ्याच गोष्टीची. १९६५ मध्ये आयसीसीने पहिल्यांदा सहयोगी सदस्य (म्हणजे कसोटीचा दर्जा नसलेले देश) घेतले, त्यात सिलोन, अमेरिका आणि फिजी बरोबरीने होते. सिलोनची श्रीलंका झाली, १९८२ मध्ये पहिली कसोटी खेळली, १९९६ मध्ये विश्वचषक उचलला. फिजी तिथेच राहिला. अर्थात तिकडे पोरं रग्बी खेळतात, आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सेव्हन्सचं (सात-सात खेळाडूंच्या रग्बीचं) सुवर्ण घेऊन आलीत, त्यामुळे रडायचं कारण त्यांना नाही, मलाच आहे.

भाचा आता सामोआबद्दल विचारतोय. कोणाला माहिती असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी चहा टाकतो.