आजीची कॅलेंडरं

रविवार, रात्री साडेदहा

आज आजीची पत्र्याची पेटी उघडली. तेरावं होऊन चार दिवस झाले, उद्या मला पुण्याला निघायचंय. काकू म्हणाली, "तूच उघड. तुझ्यावर लई जीव हुता तिचा." वर दोन इरकली लुगडी, म्हसवडचं एक घोंगडं, आणि तळाशी सुतळीनं बांधलेला कालनिर्णयचा गठ्ठा. सगळ्यात जुनं १९८१ चं.

ती कॅलेंडरवर पेन्सिलीनं काहीतरी लिहिते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. जपून ठेवते हे कुणालाच माहीत नव्हतं. दुपारपासून तेच वाचत बसलेय.

बहुतेक नोंदी पावसाच्या, नक्षत्रांच्या नावानं. "मृग. बोटभर ओल." "तरणा कोरडा." "हत्ती. वढ्याला पानी." आमचा माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आमच्याकडे पाचशेच्या आसपास, तोही बराचसा परतीचा. अशा गावात पाऊस लिहून ठेवावासा वाटणं मला आज पहिल्यांदा नीट कळलं.

कॅलेंडरं सुरू होण्याआधीची तिची वर्षं मात्र मी तिच्या तोंडूनच ऐकलेली. माहेर वाळवा तालुक्यातलं. इंग्रजांविरुद्धच्या भूमिगत पत्री सरकारच्या दिवसांत, १९४३-४४ च्या सुमारास, नऊ-दहा वर्षांची पोर भाकऱ्यांचं फडकं घेऊन उसाच्या रानात जायची. आत कोण लपलंय हे विचारायचं नाही, फडकं बांधावर ठेवून मागं फिरायचं. "एकदाबी मागं वळून बघितलं न्हाई," हे ती फार अभिमानानं सांगायची. गांधीजी गेले त्या साली लग्न होऊन ती इकडं आली. हिरव्या रानातून थेट या माळावर.

मग बहात्तरचा दुष्काळ. दुष्काळी कामावर आजोबा टिकावावर, ती खडी फोडायला. माझे वडील तान्हे, बाभळीला बांधलेल्या झोळीत. खायला लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी. हाताच्या अंगठ्याजवळचा तो पांढरा वण तेव्हाचा. पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला, त्याच धर्तीवर २००५ मध्ये देशाचा कायदा झाला. त्याचं श्रेय घेणारे पुष्कळ झाले. मला त्यामागं उन्हात खडी फोडत बसलेल्या बायांची रांगच दिसते, आणि त्या रांगेत माझी आजी.

२०१२-१३ च्या कॅलेंडरवर सलग काही महिने कोरे आहेत. तेव्हा ती जनावरांबरोबर दुष्काळातल्या चारा छावणीत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आम्ही सगळ्यांनी किती विनवलं, काका म्हणाले मी जातो, तर म्हणाली, "गायीला तुझी सवय न्हाई." तिथंच ताडपत्रीखाली चूल मांडली. मी भेटायला गेले तेव्हा शेजारच्या दावणीवरच्या एका पोरीला गोधडीचा टाका शिकवत होती. मला बसायला पोतं दिलं आणि पहिला प्रश्न, "जेवलीस का?"

आजोबा गेले ती तारीख शोधली. हात थरथरत होता. चौकटीत एवढंच: "शेळीची धार काढली न्हाई." दुसऱ्या दिवसाच्या चौकटीत: "अर्धा लिटर."

त्यानंतर बराच वेळ मला पुढचं पान उलटता आलं नाही. त्या दिवशी ती रडली होती का, हे मला आठवत नाही. मी लहान होते, आणि घर माणसांनी भरलेलं होतं. पण धार राहिल्याचं तिला रात्री कधीतरी आठवलं असणार आणि तिनं उठून पेन्सिल शोधली असणार.

एक गोष्ट मात्र अजून उलगडत नाही. जवळजवळ प्रत्येक वर्षी, महिन्यातून दोन-तीनदा, चौकटीच्या कोपऱ्यात एक छोटा त्रिकोण आहे. एकादशी नाही, अमावस्या नाही, बाजाराचा वारही नाही. काकूला विचारलं, आत्याला फोन केला, दोघींनाही माहीत नाही. अगदी शेवटच्या कॅलेंडरवरही आहे तो, या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत.

गाडी सकाळी नऊची आहे. त्याआधी पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या आक्कांना विचारून बघते. त्या आणि आजी चाळीस वर्षं सरपणाला बरोबर जायच्या.