तुम्ही विचारलंत म्हणून: पर्यावरणशास्त्रात नेमकं काय शिकवतात?

बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. नाशिकच्या कॉलेज रोडवर, लग्नकार्यात, कधी थेट फोनवर. "मॅडम, मुलगी पर्यावरणशास्त्र घ्यायचं म्हणते. त्यात थोडी केमिस्ट्री, थोडी बॉटनी, थोडा भूगोल, असं सगळंच असतं ना? मग एकच विषय धड का शिकू नये?" पालकांची काळजी रास्त आहे. मी हा विषय शिकले, आता शिकवते. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

गोदावरीचं पाणी घेऊ. आमची मुलं नमुना घेतात तेव्हा बाटलीत एकही बुडबुडा राहू द्यायचा नसतो. मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड काठावरच घालायचं, म्हणजे पाण्यातला प्राणवायू जिथल्या तिथे बांधला जातो. मग प्रयोगशाळेत थायोसल्फेटचं टायट्रेशन, म्हणजे ते थेंबथेंब घालत किती लागलं ते मोजायचं. स्टार्चचा निळा रंग उडाला की थांबायचं. दुसरी बाटली २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस अंधारात ठेवायची आणि तेवढ्या वेळात जिवाणूंनी किती प्राणवायू वापरला ते मोजायचं. हा बीओडी. इथपर्यंत रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र.

समजा आकडा आला लिटरमागे ८ मिलिग्रॅम. आता हे पाणी चांगलं की वाईट? याचं उत्तर बाटलीत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ पाण्याचे वर्ग पाडतं ते त्याच्या वापरावरून. आंघोळीच्या पाण्याचा बीओडी ३ किंवा त्याहून कमी हवा आणि विरघळलेला प्राणवायू निदान ५ हवा. शेतीच्या पाण्याला त्याच वर्गवारीत बीओडीची अटच नाही. तिथे क्षार, सोडियम आणि बोरॉन बघतात. म्हणजे ज्या पाण्यात रामकुंडावर उतरू नये, ते खाली कुणाच्या कांद्याला या तक्त्यानुसार चालून जाईल. या पाण्यात कोण उतरतं, काय धुतं, कोण ते तीर्थ म्हणून घरी नेतं, हे घाटावर बसून लोकांशी बोलल्याशिवाय त्या ८ ला अर्थ येत नाही. शिवाय तो आकडा स्थिर नसतो. गंगापूर धरणातून पाणी किती सोडलं, नासर्डी आणि वाघाडी या उपनद्या शहरातून काय घेऊन आल्या, नमुना संगमाच्या वर घेतला की खाली, यावर तो बदलतो. नमुना कुठे आणि किती वेळा घ्यायचा हा संख्याशास्त्राचा प्रश्न, पाणी कधी सोडायचं हा पाटबंधारे खात्याचा, आणि उन्हाळ्यात तर राजकारणाचाही. यातला कुठलाही तुकडा वगळला तर सिंहस्थाच्या तोंडावर "पाणी शुद्ध आहे का?" या साध्या प्रश्नालाही प्रामाणिक उत्तर देता येणार नाही.

मला स्वतःला या विषयाचं मर्म नांदूरमध्यमेश्वरला कळलं. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. पुढे गाळ साचत गेला. त्या गाळाची बेटं झाली, उथळ पाणी झालं, पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात बदकं, चक्रवाक, करकोचे यायला लागले. २०२० साली ते महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. अभियंत्याच्या वहीत तो गाळ म्हणजे बंधाऱ्याची घटलेली क्षमता. पक्षी मोजणाऱ्याच्या वहीत तोच गाळ म्हणजे सगळ्याचा पाया. काठच्या शेतकऱ्याला पाण्याची पाळी वेळेवर हवी आणि शेतात घुसलेले पक्षी नकोत. तिघंही खरं बोलतात. गाळ काढायचा का, किती, कुठून, या प्रश्नापाशी आमच्या मुलांना उभं करावं लागतं. तिथे एकाच विषयाचं पुस्तक घेऊन गेलेला विद्यार्थी फार लवकर निर्धास्त होतो, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

२०२५ च्या अखेरीस साधुग्रामासाठी, म्हणजे सिंहस्थात साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहरात वाद पेटला, तेव्हाही हेच दिसलं. राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. आता ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची. पण झाडाचं वय काढायचं कसं? सागाच्या खोडात वाढीची वर्तुळं स्पष्ट दिसतात, आपल्याकडच्या कितीतरी झाडांत ती तशी दिसत नाहीत. मग घेर मोजून, त्या जातीच्या वाढीचा वेग धरून अंदाज बांधायचा. वनस्पतीशास्त्रातला हा अंदाज किती झाडं लावायची ते ठरवतो, आणि ती कुठे लावायची हा पुन्हा जमिनीचा प्रश्न.

तुमची शंका मात्र निराधार नाही. सगळं थोडंथोडं येतं आणि काहीच पक्कं येत नाही, अशी मुलं मी पाहिली आहेत, आणि तो दोष बहुतेक वेळा शिकवण्याचा असतो. पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचा असतो तो छोटा पर्यावरण अभ्यासक्रम आणि ही पूर्ण पदवी यांची लोक गल्लत करतात, त्यानेही विषय हलका ठरतो. माझा सल्ला असा की एक विषय मनापासून धरावा, मग तो रसायनशास्त्र असो, परिसंस्थाशास्त्र असो की उपग्रहचित्रांवरून नकाशे करणं, आणि बाकीच्यांची भाषा समजेल एवढं शिकावं. बी.एस्सी. मूळ विषयात करून एम.एस्सी.ला इकडे वळणं हा चांगला रस्ता आहे. पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे.

नोकरीचं विचाराल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ, पाणी आणि माती तपासणाऱ्या प्रयोगशाळा, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले सांडपाणी प्रक्रिया विभाग, प्रकल्पांचे पर्यावरणीय आघात तपासणाऱ्या सल्लागार संस्था. केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार ठरावीक प्रकल्पांना अशा आघातांचा अहवाल लागतोच, आणि तो करताना हवा, पाणी, जैवविविधता, समाज यांचे वेगवेगळे तज्ज्ञ एकत्र बसतात. सुरुवातीचा पगार अनेक ठिकाणी बेताचा असतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. ज्या मुलीला गणित टाळायचंय म्हणून हा विषय हवाय, तिला पाठवू नका. संख्याशास्त्र इथे रोज लागतं.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीपेक्षा वेळापत्रक मागून घ्या. वर्षात क्षेत्रभेटी किती, त्यात मुलं स्वतः नमुने घेतात की नुसती बघतात, प्रयोगशाळेतली उपकरणं चालू आहेत का, कायदा कोण शिकवतं. आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांचे दोन-तीन प्रकल्प वाचायला मागा. त्यात नासर्डीच्या पाण्याच्या आकड्यांशेजारी नासर्डीकाठच्या वस्तीचं बोलणं सापडलं, तर तिथे अर्ज भरा.