बडोदे, वडोदरा आणि बीआरसी

आमच्या घरी गावाचे नाव बडोदे, बसच्या पाटीवर वडोदरा आणि रेल्वेच्या तिकिटावर बीआरसी, म्हणजे जुन्या बरोडा नावाचा उरलेला अंश. माणसाला ही तिन्ही एकच आहेत हे सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र सांगावेच लागते. मागच्या महिन्यात आईला इथून पुण्याला पाठवताना गाडी आणि बस यांचा मेळ मला कागदावर घालावा लागला. स्थानक आणि बसस्थानक अगदी शेजारी असूनही दोन्हींची वेळापत्रके एकमेकांना ओळखत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बसच्या वेळापत्रकांसाठी जगभर जीटीएफएस हा साचा रूढ आहे, परंतु त्यातला थांब्याचा क्रमांक त्या माहितीसंचापुरताच अर्थपूर्ण असतो. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९९ मध्ये मान्य केलेल्या आरडीएफ या माहिती जोडण्याच्या पद्धतीत मात्र प्रत्येक थांब्याला वेबवर एक कायमचा पत्ता देता येतो, आणि मराठी, गुजराती, इंग्रजी नावे भाषेच्या खुणेसह त्याच पत्त्याला जोडता येतात.

मात्र येथे घाई घातक ठरते. रेल्वे स्थानक आणि बसस्थानक यांना ‘सेम-अ‍ॅज’ म्हणजे ‘तेच ते’ अशा नात्याने जोडले, तर यंत्र दोन्ही एकच वस्तू मानेल आणि सामान घेऊन चालणाऱ्या आईची दहा मिनिटे हिशेबातून नाहीशी होतील. त्यांच्यात ‘पायी जोडलेले’ असे वेगळे नाते नोंदवून त्यावर चालण्याचा वेळ लिहिला पाहिजे.