व्हीपीएन जोडलं गेलं, तरी जर्नल उघडेना : माझा अनुभव

कापसाला पाते-फुलं लागली की मला केज तालुक्यातून हलता येत नाही. माझं संशोधन गुलाबी बोंडअळीवर आहे. कामगंध सापळ्यांतले (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांतले) पतंग वेळच्या वेळी मोजले नाहीत तर हंगाम हातचा जातो. नेमके त्याच दिवसांत संदर्भाचे पेपर लागतात. शोधगंगेवरचे, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहातले प्रबंध कुठूनही वाचता येतात, पण वर्गणीची जर्नल्स बहुतेक वेळा आधी आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक बघतात. तो वर्गणीदार संस्थेचा असेल तर पूर्ण पेपर, नाहीतर नुसता सारांश आणि खाली डॉलरमधली किंमत. म्हणून घरूनच विद्यापीठाच्या नेटवर्कवर जायचं, तर व्हीपीएन हवं, म्हणजे घरचा लॅपटॉप इंटरनेटवरूनच विद्यापीठाच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणारी सोय.

अर्ज, गाईडची सही, ओळखपत्राची प्रत हे सगळं रीतसर झालं. मेलवर युजर आयडी आणि प्रोफाइल फाईल आली. लॅपटॉपवर ओपनव्हीपीएन हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर टाकून फाईल इम्पोर्ट केली. इथवर काही अवघड नाही. पण मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ते जोडलंच जाईना; 'टीएलएस हँडशेक फेल्ड' (सर्व्हरशी सुरुवातीची सुरक्षित बोलणीच झाली नाहीत) असं येऊन थांबायचं. संगणक केंद्रातल्या सरांना फोन केला. त्यांनी लॉगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरनं ठेवलेल्या नोंदीच्या शेवटच्या ओळी मागवल्या.

"मॅडम, ही फाईल यूडीपी ११९४ पोर्टची आहे, तुमच्याकडं तो अडतोय. टीसीपी ४४३ ची दुसरी देतो, ती लावून बघा."

यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवायच्या दोन पद्धती, आणि पोर्ट म्हणजे त्यासाठीचं क्रमांक दिलेलं दार. ४४३ हा कुठल्याही एचटीटीपीएस (सुरक्षित) साइटचा नेहमीचा पोर्ट, त्यामुळं तो सहसा कुणी बंद करत नाही. वेग थोडा कमी मिळतो, पण कनेक्शन लागलं.

खरा घोळ यापुढंच होता. ओपनव्हीपीएन 'कनेक्टेड' दाखवतंय, विद्यापीठाची आतली पानं उघडतायत, आणि प्रकाशकाची साइट मात्र पेपर विकत घ्यायला सांगतेय! काही ठिकाणी व्हीपीएनमधून फक्त विद्यापीठाच्या पत्त्यांकडची वाहतूक जाते, बाकी सगळी घरच्या इंटरनेटवरून. मला आधी तोच संशय आला. सरांनी तपासून सांगितलं, आपल्याकडं सगळीच वाहतूक विद्यापीठातून जाते.

मग आपला आयपी पत्ता दाखवणारी एक साइट उघडली आणि उलगडा झाला. तिथं दोन पत्ते दिसत होते. जुन्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही४ चा पत्ता विद्यापीठाचा होता. त्याच्याखाली नव्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही६ चा, कोलन टाकलेला लांबलचक, आणि तो होता मोबाईल कंपनीचा. ३२ बिटांच्या जुन्या पद्धतीत जेमतेम ४३० कोटी पत्ते बसतात, म्हणून मोबाईल नेटवर्कवर आता १२८ बिटांचं आयपीव्ही६ सर्रास असतं. आमचं व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ वाहून नेत होतं. ब्राउझरला दोन्ही रस्ते मिळाले की तो सहसा आयपीव्ही६ धरतो. प्रकाशकाच्या साइटलाही आयपीव्ही६ चा पत्ता असल्यानं माझी विनंती व्हीपीएनला वळसा घालून, पुढच्या दाराला कुलूप लावून मागचं दार उघडं ठेवावं तशी, बाहेरच्या बाहेर जात होती.

उपाय अगदी छोटा निघाला. विंडोजच्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये वाय-फायवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या, 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ६' समोरची टिक काढली आणि ब्राउझर बंद करून परत उघडला. पीडीएफ उतरली! त्या रात्री लाईट गेली तरी बॅटरी होती तोवर वाचत बसले.

सरांना हे दोन्ही पत्त्यांच्या स्क्रीनशॉटसह कळवलं. त्यांनी सर्व्हरवरूनच आयपीव्ही६ अडवायची सोय केली, आता टिक काढायचीही गरज नाही. मला याचा फार आनंद आहे, कारण गावाकडून शिकणाऱ्या पोरापोरींकडं बहुधा मोबाईलचंच नेट असतं, आणि त्या 'कनेक्टेड'वर विश्वास ठेवून कितीजण पेपर मिळत नाही म्हणून गप्प बसले असतील. व्हीपीएन देतानाच हे लिहून द्यायला हवं, असं मी विभागातही सांगितलंय.

अजून दोन गोष्टी. सगळी वाहतूक विद्यापीठातून जात असेल तर व्हिडिओ बघायच्या आधी व्हीपीएन तोडा, तो भार सगळ्यांवर पडतो. आणि एका दमात शेकडो पेपर उतरवू नका. प्रकाशकाला संशय आला तर तो अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेश थांबवू शकतो. मी त्या दिवशी वाचायचे तेवढेच उतरवते.